गोलंदाजी तुमची, कर्णधारपद आमचे : पी. बाळू यांच्या कारकिर्दीचा धडा



अमेरिकन फुटबॉलमध्ये 'स्पेशल टीम' नावाची एक तुकडी असते. तिच्यातला खेळाडू एका ठरावीक कामापुरता मैदानात येतो. चेंडू लाथाडायचा, अडवायचा किंवा घेऊन पळायचा आणि बाहेर जायचे. संघ चालवतो दुसराच. तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी पाहिले की काळ्या खेळाडूंना धावण्याच्या, अंगमेहनतीच्या जागा मिळत होत्या, पण डाव आखणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागेपासून त्यांना दूर ठेवले जात होते. डग विल्यम्स या काळ्या क्वार्टरबॅकने सुपर बोल जिंकायला १९८८ साल उजाडावे लागले.

हे वाचून आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. ही वाटणी आपल्या मातीत फार जुनी आहे. बाबासाहेबांनी सांगितलेच आहे की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. क्रिकेटच्या मैदानावर ती कशी चालली, हे बाळू पालवणकर यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते.

पी. बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार. वडील पुण्यात लष्करात नोकरीला. पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये बाळूंना खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम मिळाले, पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर गेले. तिथे नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकायचे. ग्रेग हा नामांकित फलंदाज बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. तासन्‌तास गोलंदाजी करून बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाले. पण साहेबांनी त्यांच्या हाती बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम आणि फलंदाजी हा मालकाचा मान!

पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून बाळूंना संघात घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडूच्या हातात चालत असे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर आणि त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ! विटाळाचे शास्त्र किती सोयीचे असते ते इथे बघा.

आपल्या वाई-साताऱ्याच्या तरुणांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. हा पुणेकर संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला आला होता. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून जिमखान्याने खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. ज्याने स्वतः रोलर ओढला, त्याला रोलरची काय भीती? याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाच्या मुलाने हायस्कुलात नाव घातले. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. या कामगिरीने बाबासाहेबांसह अस्पृश्य समाजातल्या तरुणांची मान ताठ झाली.

पण संघाचे कर्णधारपद? ते बाळूंना मिळाले नाही. कर्णधार म्हणून निवडलेल्या एम. डी. पै यांनीच एकदा जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. निवड समितीला नमते घ्यावे लागले, बाळू उपकर्णधार झाले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांनी हिंदू संघाला चौरंगी स्पर्धा जिंकून दिली. बाळूंच्या शेकडो बळींनी जे दार उघडले नाही, ते दोन भावांच्या नकाराने उघडले. गुणवत्ता दाखवली की जात आपोआप विरघळते म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आता आपल्याला अवघड जाणारा भाग. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

यामुळे आपल्यातले काही जण बाळूंचे नाव घेत नाहीत. उलट काही जण १९३७ गाळून नुसता क्रिकेटवीर सांगतात. दोन्ही चूक आहे. कांशीराम साहेबांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिले. तो शब्द बाळूंना चिकटवणे सोपे आहे. पण त्या पुस्तकाचा मुद्दा एका माणसापुरता नाही, संयुक्त मतदारसंघाने कसे प्रतिनिधी घडतात, हा आहे. काँग्रेसने बाळूंना तेच काम दिले जे हिंदू जिमखान्याने दिले होते. समोर मोठा फलंदाज आहे, त्याला बाद करा. संघ कोणी निवडायचा, डाव कसा आखायचा, हे मात्र दुसरेच ठरवणार. बाबासाहेबांनी हा खेळ ओळखला आणि १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढून स्वतःचा संघ उभा केला.

म्हणून बाळूंच्या गोलंदाजीचा अभिमान बाळगा आणि त्यांच्या राजकारणाची चिकित्सा करा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आजही प्रत्येक पक्षाला आपली सभेला गर्दी करणारी, पोस्टर लावणारी, केसेस अंगावर घेणारी पोरे हवी असतात. उमेदवारी ठरते त्या खोलीत ती नसतात. पुढच्या वेळी कोणी तुमच्या पाठीवर थाप मारून 'तुमच्यासारखा कार्यकर्ता नाही' म्हणाले, तर एकच प्रश्न विचारा : कर्णधार कोण निवडणार? उत्तर मिळाले नाही, तर शिवराम-विठ्ठल यांनी काय केले ते आठवा.

येत्या विद्यार्थी दिवसाला आपल्या विहारात साताऱ्याच्या त्या सामन्याची गोष्ट मुलांना सांगा. आणि सोबत १९३७ ची सुद्धा सांगा.

जय भीम!