उथळ समुद्रात आवाज किती दूर जातो?

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पण किनाऱ्याजवळ तो किती दूर पोहोचेल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं.

१. तळ कसा आहे?
उथळ पाण्यात आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यावर आपटत पुढे सरकतो. घट्ट वाळूचा तळ आवाज बऱ्यापैकी परत फेकतो, मऊ चिखल तो गिळतो. फार खालच्या पट्टीचे आवाज तर उथळ पाण्यात मावतच नाहीत. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर ३० मीटर लांब असते. ५ मीटर पाण्यात ती तळात शिरून लवकर विरते.

२. पाणी किती तापलंय?
आवाज गरम पाण्यात वेगाने आणि थंड पाण्यात हळू जातो आणि नेहमी हळू बाजूकडे वळतो. उन्हाने वरचं पाणी तापलं की आवाज खाली वळतो. १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाला याचा अनुभव आला. सकाळी नीट चालणारं सोनार दुपारी लक्ष्य दाखवेना. जेवणानंतर ऑपरेटर सुस्तावतात की काय, अशीही शंका आली. खरं कारण होतं दुपारचं ऊन! वारा आणि लाटांनी पाणी घुसळून तापमान सारखं झालं की आवाज पुन्हा लांब जातो.

३. आधीच किती गोंगाट आहे?
लाटा, पाऊस, चटचट आवाज करणाऱ्या कोळंबीच्या काही जाती आणि बोटी. या गोंगाटात बारीक आवाज बुडून जातो.

याचा फटका कोणाला?
कोकण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हंपबॅक डॉल्फिन राहतात. जागतिक यादीत ही प्रजाती 'संकटग्रस्त' आहे. गढूळ पाण्यात नजर चालत नाही, म्हणून भक्ष्य शोधायला आणि एकमेकांशी संपर्क ठेवायला त्यांना आवाजाचाच आधार असतो. बोटीचा पंखा जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि मोठा आवाज होतो. तेवढ्या वेळात पिल्लाला आईची हाक ऐकू न येण्याची शक्यता असते.

उपाय मात्र सोपा आहे. वेग कमी केला की हा आवाजही कमी होतो. पुढच्या वेळी डॉल्फिन बघायला गेलात, तर बोटवाल्या दादांना एवढंच सांगा, "दादा, जरा हळू घ्या आणि लांबूनच दाखवा."