एक्वोरिन
एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधील, कॅल्शियम आयनांशी बद्ध होताच निळा प्रकाश देणारे प्रथिन (पहा : जीवदीप्ती). ओसामू शिमोमुरा, फ्रँक जॉन्सन व यो सायगा यांनी अमेरिकेतील फ्रायडे हार्बर येथे गोळा केलेल्या जेलीफिशपासून ते वेगळे करून 1962 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. याच कामात हरित अनुस्फुरक प्रथिनही हाती लागले (पहा : हरित अनुस्फुरक प्रथिन).

एक्वोरिनमध्ये 189 ॲमिनो अम्लांची एक शृंखला असून तिच्या पोकळीत सीलेंटेराझीन हा प्रकाशद्रव्याचा रेणू ऑक्सिजनसह पेरॉक्साइड रूपात बंदिस्त असतो. कॅल्शियम बांधणारी स्थाने तीन. ती व्यापली की प्रथिनाचा आकार बदलतो, सीलेंटेराझीनचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातून बनलेले उत्तेजित सीलेंटेरामाइड सुमारे 470 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देते. यासाठी बाहेरून ऑक्सिजन लागत नाही. हे जीवदीप्तीचे प्रकाशन होय. अनुस्फुरणात मात्र आधी प्रकाश शोषला जावा लागतो. प्रत्यक्ष जेलीफिशमध्ये उत्तेजित सीलेंटेरामाइडची ऊर्जा हरित अनुस्फुरक प्रथिनाकडे संक्रमित होत असल्याने जेलीफिशची कडा निळी नव्हे, हिरवी (सुमारे 509 नॅनोमीटर) चमकते.

पेशींतील कॅल्शियमचे चढउतार मोजण्यासाठी एक्वोरिन वापरतात. 1967 मध्ये ते बार्नॅकलच्या स्नायुतंतूंत टोचून आकुंचनावेळचा कॅल्शियमचा बदल नोंदवला गेला. 1985 मध्ये त्याच्या जनुकाचे क्लोनन झाले. ओबेलिन हेही एक्वोरिनप्रमाणे कॅल्शियममुळे प्रकाश देणाऱ्या प्रथिनांच्या गटातील आहे.