मोटारहोमच्या इंजिनाचे 'ट्यूनिंग': फायदे आणि धोके

शयनकक्ष, स्वयंपाकघर आणि स्नानगृह सोबत घेऊन फिरणारे वाहन म्हणजे मोटारहोम. युरोपात, विशेषतः जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ब्रिटनमध्ये निवृत्त दाम्पत्यांपासून लहान मुलांच्या कुटुंबांपर्यंत अनेक जण सुटीसाठी हे 'चाकांवरचे घर' वापरतात. सपाट महामार्गावर ते सुखाने धावते. मात्र आल्प्समधील घाट लागला की वेग मंदावतो, गिअर खाली आणावा लागतो आणि मागे वाहनांची रांग लागते. त्यातूनच इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेण्याचा, म्हणजेच 'ट्यूनिंग'चा पर्याय पुढे येतो. खर्चाच्या मानाने त्याचा लाभ मोठा भासतो. तथापि, मोटारीसाठी जो हिशेब बरोबर ठरतो तो मोटारहोमला जसाच्या तसा लागू पडत नाही.

मूळ वाहन मालवाहू

युरोपातील बहुसंख्य मोटारहोम मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर उभारली जातात. त्यांत इटलीतील अतेस्सा येथील कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट डुकाटोचा वाटा फार मोठा आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या या वाहनाची तिसरी पिढी २००६ मध्ये आली. तिच्यातील २.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन आजही हजारो मोटारहोममध्ये कार्यरत आहे. हे इंजिन १३०, १५० आणि १८० अश्वशक्तीच्या आवृत्त्यांत मिळत असे. १३० अश्वशक्तीच्या आवृत्तीचा टॉर्क, म्हणजे चाके फिरविण्याचे बळ, ३२० न्यूटन मीटर. तर १८० अश्वशक्तीच्या आवृत्तीचा ४०० न्यूटन मीटर होता. २०२१ मध्ये त्याची जागा २.२ लिटरच्या नव्या इंजिनाने घेतली.

इंजिन तेच, मग ताकद कमी का, असा प्रश्न ग्राहकाला पडतो. ट्यूनिंगच्या व्यवसायाचा पाया हाच प्रश्न आहे.

ताकद वाढते कशी?

आधुनिक डिझेल इंजिनात इंधन किती, केव्हा आणि किती दाबाने सोडायचे, तसेच टर्बोचार्जरने हवा किती दाबायची, हे 'ईसीयू' हा संगणक ठरवितो. त्यासाठीची कोष्टके त्याच्या स्मृतीत साठविलेली असतात. ती बदलण्याच्या क्रियेस 'रीमॅपिंग' म्हणतात. चालकाच्या पायाजवळील जोडणीतून मूळ नोंदी वाचून घेतल्या जातात आणि सुधारित नोंदी परत भरल्या जातात.

दुसरा मार्ग 'ट्यूनिंग बॉक्स'चा. ही छोटी पेटी इंधनाचा दाब मोजणाऱ्या संवेदकाच्या तारेत जोडली जाते आणि दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे संगणकाला भासविते. संगणक दाब वाढवितो. इंधन अधिक जाते. पेटी काढली की वाहन पूर्ववत होते, ही तिची सोय. परंतु इंजिनात खरोखर काय चालले आहे हे संगणकालाच ठाऊक नसते, हा तिचा दोष. चांगल्या रीमॅपिंगमध्ये इंधन, हवा आणि सुरक्षा मर्यादा यांचा मेळ राखता येतो. स्वस्त पेटीत तो राखला जाईलच असे नाही.

फायदा कोठे?

मोटारहोमच्या मालकाला कमाल वेगाशी फारसे कर्तव्य नसते. त्याला हवा असतो मधल्या फेऱ्यांतील जोर. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ३२० न्यूटन मीटर टॉर्क देणारे इंजिन सुमारे ६० किलोवॉट शक्ती पुरविते. तोच टॉर्क ४०० झाला की ती सुमारे ७५ किलोवॉट होते. परिणामी, वरच्या गिअरमध्येच चढ पार होतो, वारंवार गिअर बदलावा लागत नाही, आवाज कमी होतो आणि मालमोटारीला ओलांडताना लागणारा वेळ घटतो. लांबच्या प्रवासात चालकाचा थकवा कमी होणे हाही सुरक्षेचाच भाग होय.

इंधनबचतीचा दावा मात्र जपून स्वीकारावा. कमी फेऱ्यांवर वाहन चालविल्यास थोडी बचत शक्य असते. परंतु वजन आणि हवेचा विरोध ट्यूनिंगने कमी होत नाही. सुमारे तीन मीटर उंचीच्या या पेटीवजा वाहनाला ताशी ९० ऐवजी ११० किलोमीटर वेगाने नेल्यास हवेचा विरोध जवळपास दीडपट होतो. वाढीव ताकद वेगासाठी वापरली, तर खर्च वाढणारच. वेग थोडा कमी ठेवणे हा इंधन वाचविण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे.

घाटातील हिशेब

सर्वांत मोठा धोका उष्णतेचा. ३५०० किलो वजनाचे मोटारहोम आठ टक्के चढावर ताशी ८० किलोमीटर वेगाने न्यायचे, तर केवळ उंची गाठण्यासाठी ६१ किलोवॉट, म्हणजे सुमारे ८३ अश्वशक्ती खर्ची पडते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध मिळविल्यास हा आकडा ११५-१२० अश्वशक्तीच्या आसपास जातो. म्हणजे १३० अश्वशक्तीचे इंजिन तेथे जवळजवळ पूर्ण भाराने चालते, आणि तेही काही सेकंद नव्हे, तर दहा-पंधरा मिनिटे.

हाच मोटार आणि मोटारहोम यांतील फरक आहे. ट्यूनिंग केलेल्या मोटारीत वाढीव ताकद ओलांडण्यापुरती, क्षणभर वापरली जाते. मोटारहोम बहुधा पूर्ण वजनानिशी फिरते आणि घाटात दीर्घकाळ ताकद मागते. निर्मात्याने इंजिनात राखून ठेवलेली सहनशक्ती अशाच प्रसंगांसाठी असते. ट्यूनिंगमध्ये तीच खर्च होते.

त्यात उंचीची भर पडते. समुद्रसपाटीपासून २१०६ मीटरवरील गोट्टहार्ड खिंडीत हवेची घनता जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी असते. तेवढीच हवा पुरविण्यासाठी टर्बोचार्जरला अधिक वेगाने फिरावे लागते. इंधन अधिक आणि हवा अपुरी अशी स्थिती झाल्यास धूर वाढतो, उत्सर्जित वायूचे तापमान चढते आणि टर्बोचार्जर व पिस्टनचे आयुष्य घटते. वाढीव काजळीने धुरातील कण अडविणारी गाळणीही लवकर भरते. वाढलेल्या टॉर्कचा ताण क्लच, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सवर येतो. क्लच घसरू लागणे हे बहुधा पहिले लक्षण असते.

एकाच इंजिनाच्या सर्व आवृत्त्या आतून सारख्याच असतात, हा समजही तपासून घ्यावा. पुण्याजवळ रांजणगाव येथे पूर्वी तयार होणारे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन याचे परिचित उदाहरण आहे. त्याच्या ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या आवृत्त्या भारतीय रस्त्यांवर धावल्या. परंतु ९० च्या आवृत्तीत टर्बोचार्जरच निराळ्या प्रकारचा होता. दोन आवृत्त्यांतील अंतर दर वेळी केवळ संगणकातील आकड्यांचे नसते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ट्यूनिंगने चढण सोपी होते, उतरण नव्हे. ब्रेक तेच राहतात आणि वाहनाची अनुज्ञेय वजनमर्यादाही तीच राहते. ताकद वाढली म्हणून सामान वाढविणे हे बेकायदा आणि धोकादायक आहे.

विमा आणि कायदा

जर्मनीत इंजिनाच्या शक्तीत बदल केल्यास तज्ज्ञ संस्थेची तपासणी करून तो कागदपत्रांत नोंदवावा लागतो. अन्यथा वाहनाची रस्त्यावर चालविण्याची मान्यता संपुष्टात येऊ शकते. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीस कळविणे आवश्यक असते; न कळविल्यास अपघातानंतर भरपाई नाकारली जाण्याची शक्यता राहते. धुराची गाळणी काढून टाकलेले वाहन तेथील वार्षिक तपासणीत २०१४ पासून अनुत्तीर्ण ठरते. अमेरिकेतही उत्सर्जन नियंत्रण यंत्रणेशी छेडछाड करण्यास संघराज्याच्या 'क्लीन एअर अॅक्ट'नुसार मनाई आहे.

वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. बदललेल्या नोंदी अधिकृत सेवाकेंद्रातील उपकरणांना ओळखता येऊ शकतात आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च मालकावर येऊ शकतो. शिवाय सेवाकेंद्राने संगणकात नवी प्रणाली भरली, तर पैसे मोजून केलेले ट्यूनिंग पुसले जाते.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

निर्णयापूर्वी

ट्यूनिंग करायचेच असेल, तर आधी वाहनाचे भरलेल्या स्थितीत वजन करावे आणि क्लच, शीतकरण यंत्रणा, टर्बोचार्जर यांची तपासणी करून घ्यावी. मूळ नोंदींची प्रत राखून ठेवणारा आणि बदलाचे लेखी प्रमाणपत्र देणारा व्यावसायिक निवडावा. कमाल आकड्याऐवजी माफक वाढ मागावी. विमा कंपनीची लेखी संमती कामापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे. नवे मोटारहोम घेणाऱ्याने तर सुरुवातीलाच अधिक अश्वशक्तीची आवृत्ती निवडणे श्रेयस्कर. तिची जादा किंमत एकदाच मोजावी लागते आणि सोबत निर्मात्याची हमी मिळते. घाटात दहा मिनिटे उशीर झाला तरी सुटी बिघडत नाही. घाटाच्या मध्यावर इंजिन बंद पडले, तर मात्र घरासह रस्त्यावर थांबण्याची वेळ येते.