बेनेडेट्टीच्या तबकड्या : दंतकथा आणि दप्तर

जॅझ संगीताचा मुख्य ऐवज लिखित स्वरलिपीत नसून त्या त्या रात्री वादकाला सुचलेल्या स्वरवाक्यांत असल्यामुळे, या संगीताच्या इतिहासलेखनात ध्वनिमुद्रणांची सूची, म्हणजे डिस्कोग्राफी, मूळ दप्तराच्या योग्यतेची मानली जाते. शार्ल डेलॉने याने 1936 मध्ये पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढच्या सूचिकारांना एक चौकट मिळाली: मुद्रणाची तारीख, शहर, वादकांची नावे आणि मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे प्रत्येक मूळ मुद्रणाला कंपनीने दिलेला आणि तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा. स्टुडिओत झालेल्या मुद्रणांना ही चौकट चपखल बसते. परंतु एखाद्या क्लबात चाहत्याने स्वतःच्या यंत्रावर टिपलेल्या वादनाला मॅट्रिक्स क्रमांक नसतो, कंपनीच्या वहीत त्याची नोंद नसते आणि बहुधा त्यावर तारीखही नसते, त्यामुळे त्याचे कूळ शोधण्यासाठी सूचिकाराला मुद्रणातल्या आवाजाकडे आणि तो ज्या वस्तूवर टिपला गेला तिच्याकडेच वळावे लागते. अल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर (1920–1955) याची डीन बेनेडेट्टी याने केलेली मुद्रणे हे या शोधकार्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण होय, आणि त्यांच्याभोवती चार दशके साचलेली दंतकथा बाजूला सारल्याशिवाय त्यांचा इतिहास सांगता येत नाही.

अशा खासगी मुद्रणांना एवढे मोल का आले, याची कारणे संगीतबाह्य आहेत. बाजारात विकली जाणारी, लाखेपासून बनवलेली दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई आणि तिच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे, त्यामुळे क्लबात एकेक चाल दहा-दहा मिनिटे खेळवणाऱ्या वादकाला स्टुडिओत एक-दोन कोरसांत आटोपते घ्यावे लागे; कोरस म्हणजे चालीच्या स्वरसंगतींचे एक पूर्ण आवर्तन. त्यात भर पडली ती संपाची. रेडिओ आणि ज्यूकबॉक्स यांमुळे वादकांची रोजंदारी बुडते, तेव्हा तबकड्यांच्या विक्रीतून संघटनेच्या निधीत वाटा मिळालाच पाहिजे, अशी भूमिका घेऊन अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बंदी घातली; मोठ्या कंपन्यांपैकी दोघींनी ही मागणी 1944 च्या अखेरीपर्यंत मानली नाही आणि संघटनेनेही बंदी सोडली नाही. नेमक्या याच काळात न्यूयॉर्कमध्ये बीबॉप ही द्रुत लयीची, गुंतागुंतीच्या स्वरसंगतींची नवी शैली आकार घेत होती, आणि ती घडत असतानाचा पुरावा कंपन्यांच्या दप्तरात म्हणूनच फारसा सापडत नाही.

तो सापडतो हौशी मंडळींकडे. कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी जेरी न्यूमन याने 1941 मध्ये हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउस येथे आपले तबकडी कोरण्याचे यंत्र नेऊन गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याचे वादन टिपले. बॉब रेडक्रॉस याने फेब्रुवारी 1943 मध्ये शिकागोच्या सॅव्हॉय हॉटेलातील आपल्या खोलीत पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांना मुद्रित केले, त्या वेळी पार्कर अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात अल्टो सोडून टेनर सॅक्सोफोन वाजवत असे. पार्करने पुढे आपल्या एका रचनेला ‘रेडक्रॉस’ हे नाव दिले ते याच मित्रावरून. हॉटेलच्या खोलीतल्या या तबकड्या बाजारात यायला मात्र 1980 चे दशक उजाडावे लागले.

ज्या यंत्रावर हे सारे घडले ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा अर्धा गोंधळ त्याच्या अज्ञानातून झालेला आहे. ॲल्युमिनियमच्या (युद्धकाळात धातूच्या टंचाईमुळे काचेच्या) चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर दिलेला असे. चकती फिरू लागली की कापणारी सुई त्या थरात ध्वनीनुसार डोलणारी खाच कोरत जाई, आणि खाचेतून निघणारा केसासारखा धागा सुईत गुंतू नये म्हणून तो ब्रशने सतत बाजूला सारावा लागे. या तबकड्यांना बोलीत ‘ॲसिटेट’ म्हणत, वस्तुतः त्यांत ॲसिटेट नसे. एक बाजू संपली की तबकडी उलटावी किंवा बदलावी लागे, तेवढ्यात वाजलेले संगीत कायमचे निसटे. शिवाय हा थर इतका मऊ की प्रत्येक वेळी वाजवताना खाच थोडी झिजतेच, आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील तेलकट द्रव्य पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पृष्ठभागावर येते, थर आक्रसतो आणि तडकून सुटतो.

बेनेडेट्टी (1922–1957) स्वतः सॅक्सोफोनवादक होता, ही गोष्ट त्याच्या मुद्रणांचे स्वरूप ठरवणारी आहे. पार्कर जुलै 1946 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कोसळला, कॅमारियो येथील सरकारी मनोरुग्णालयात सुमारे सहा महिने राहिला आणि जानेवारी 1947 च्या अखेरीस बाहेर पडला. त्यानंतर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तो हाय-डी-हो क्लबात ट्रंपेटवादक हॉवर्ड मॅघी याच्या संचाबरोबर वाजवत होता; पियानोवर हॅम्प्टन हॉज, बासवर ॲडिसन फार्मर आणि ड्रमवर रॉय पोर्टर. बेनेडेट्टीने सीअर्स रोबक या घरगुती मालाच्या विक्रेत्या कंपनीचे सिल्व्हरटोन बनावटीचे तबकडी कोरण्याचे यंत्र क्लबात मांडले आणि रात्रीमागून रात्री पार्करला टिपले. पार्कर पुरता सावरलेला, खाण्यापिण्याने अंग धरलेला आणि वादनाच्या भरात होता, आणि एप्रिलमध्ये तो न्यूयॉर्कला परतला. कॅलिफोर्नियातील त्याच्या अखेरच्या आठवड्यांची एवढी सलग नोंद अन्यत्र नाही.

सलग म्हणायचे ते रात्रींच्या हिशेबाने. बेनेडेट्टीला पार्करची वाक्ये उतरवून काढायची होती, त्यांचा रियाज करायचा होता, आणि तबकड्यांना पैसे पडत होते. म्हणून पार्करचा एकल भाग सुरू झाला की तो सुई टेकवी आणि पार्कर थांबला की उचली. मॅघीचा ट्रंपेट, अठरा वर्षांच्या हॉजचा पियानो आणि बहुतेक वेळा चालीचा मुखडाही त्याने गाळला. अभ्यासकांनी या कंजुषीबद्दल त्याला पुष्कळ दूषणे दिली आहेत, ती काहीशी अन्यायाची आहेत: ज्याने इतिहासासाठी मुद्रण केलेच नाही त्याला इतिहासाच्या कसोट्या लावण्यात अर्थ नाही. परंतु या गाळणीने सूचिकारापुढे जो पेच टाकला तो मुळातून पाहण्याजोगा आहे.

बीबॉपच्या वादकांची एक रीत अशी की जुन्या लोकप्रिय गाण्याच्या स्वरसंगती तशाच ठेवून त्यांवर नवी चाल बांधायची. ‘हाउ हाय द मून’ या गाण्याच्या स्वरसंगतींवर ‘ऑर्निथॉलॉजी’ उभी आहे. ‘चेरोकी’वर पार्करची ‘को-को’. ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’वर टॅड डॅमेरनची ‘हॉट हाउस’. आणि गर्शविनच्या ‘आय गॉट रिदम’वर तर किती चाली बांधल्या गेल्या याची गणतीच नको. मुखडा ऐकू आला तर रचनेचे नाव तत्काळ कळते. परंतु मुखडा गाळून फक्त मधला एकल भाग हाती असेल, तर त्याखालच्या स्वरसंगतींवरून कूळ कळते, व्यक्ती कळत नाही. म्हणजे वादकांनी त्या रात्री ‘ऑर्निथॉलॉजी’ म्हणून सुरुवात केली की ‘हाउ हाय द मून’ म्हणून, हे केवळ पार्करच्या वाक्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी कोरसाच्या शेवटी ओझरती डोकावणारी मुखड्याची किनार किंवा ड्रमवाल्याने पाळलेला एखादा ठरावीक ठोका कामी येतो.

दुसरा पेच वेगाचा. घरगुती यंत्राची गती ठाम नसे, आणि गतीत सुमारे सहा टक्क्यांची चूक झाली की सारे संगीत अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सरकते. सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांच्या सोयीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात आणि क्लबातले वादक सहसा त्याच धरतात. तेव्हा नेहमी कोमल निषादाच्या म्हणजे बी-फ्लॅटच्या पट्टीत वाजणारी चाल तबकडीवर शुद्ध निषादाच्या पट्टीत ऐकू येत असेल, तर वादकांनी काही नवे केले असे न मानता यंत्र चुकले असे मानावे लागते आणि गती कमी करून पुन्हा ऐकावे लागते. पट्टी जुळली की लय जुळते, लय जुळली की त्याच रात्रीच्या शेजारच्या तुकड्यांशी मेळ घालता येतो. तारखेच्या अभावी तुकड्यांचा क्रम लावण्याची ही पद्धत कष्टाची आहे, पण कोणाच्या आठवणीपेक्षा भरवशाची.

1948 मध्ये संघटनेने दुसरी बंदी घातली, जी डिसेंबरपर्यंत चालली. त्या वर्षी बेनेडेट्टी न्यूयॉर्कमध्ये होता आणि 52 व्या रस्त्यावरील थ्री ड्यूसेस आणि ओनिक्स या क्लबांत त्याने पार्करच्या स्वतःच्या पंचकाचे मुद्रण केले. त्यात माइल्स डेव्हिस, ड्यूक जॉर्डन, टॉमी पॉटर आणि मॅक्स रोच होते. येथे कागदाच्या पट्टीवर चुंबकीय लेप दिलेली फीत वापरात आली, जी युद्धानंतर अमेरिकेत नुकतीच मिळू लागली होती. फितीमुळे दर तीन मिनिटांनी थांबण्याची गरज संपली, तरी पार्करखेरीज इतरांना गाळण्याची सवय सुटली नाही. ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर हाही याच वर्तुळातला. न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस अरीनात 18 फेब्रुवारी 1950 रोजी झालेल्या पार्करच्या नृत्यसभेची फीत त्याच्याकडून आली आणि पार्करच्या मृत्यूनंतर चार्ल्स मिंगस व मॅक्स रोच यांच्या छोट्या कंपनीने ती बाजारात आणली.

पार्करची इतर खासगी मुद्रणे अशी निरनिराळ्या वाटांनी बाहेर पडत राहिली, आणि बहुतेकदा खोट्या नावांनी. रॉयल रूस्ट क्लबातून ‘सिंफनी सिड’ या निवेदकाने रेडिओवर केलेली थेट प्रक्षेपणे बोरिस रोझ याने घरबसल्या टिपली आणि पुढे मनाला येतील ती कंपनीनावे छापून विकली, त्यामुळे सूचिकारांना आवरणावरच्या छापील मजकुरावर विसंबण्याची सोय उरली नाही. टोरंटोच्या मॅसी हॉलमधील 15 मे 1953 ची सुप्रसिद्ध मैफल तर अधिकृतपणे प्रसिद्ध होऊनही पार्कर तीत ‘चार्ली चॅन’ म्हणून नोंदला गेला, कारण त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी होता. आणि मिंगसने आपला बास नीट ऐकू येत नाही म्हणून नंतर त्यावर पुन्हा बास वाजवून भरला, म्हणजे जे ‘जिवंत’ म्हणून विकले गेले त्याचा काही भाग स्टुडिओतला होता.

बेनेडेट्टीच्या तबकड्या मात्र बाहेर आल्याच नाहीत, आणि जी वस्तू कोणी पाहिली नव्हती तिच्याविषयी वाटेल ते सांगता आले. तो इटलीला गेला, स्नायू दुर्बळ करत नेणाऱ्या मायस्थेनिया ग्रेविस या रोगाने ग्रासला आणि जानेवारी 1957 मध्ये तोर्रे देल लागो येथे, संगीतकार पुच्चिनीच्या गावी, चौतिसाव्या वर्षी वारला. डायल या कंपनीचा संस्थापक आणि पार्करचा एके काळचा निर्माता रॉस रसेल याने 1973 च्या ‘बर्ड लिव्ह्ज!’ या चरित्रात बेनेडेट्टीचे जे चित्र रंगवले ते वायर रेकॉर्डर घेऊन पार्करच्या मागे देशभर फिरणाऱ्या झपाटलेल्या भक्ताचे होते. वायर रेकॉर्डर म्हणजे पोलादी तारेवर चुंबकीय मुद्रण करणारे यंत्र. तारेचे एक रीळ तासभर चाले, त्यामुळे देशभरच्या मैफलींचे तासन्‌तास मुद्रण कुठेतरी पडून आहे ही कल्पना वाचकांना पटण्याजोगी होती. रसेलची शैली कादंबरीकाराची होती, त्याने पार्करवर बेतलेली कादंबरी आधीच लिहिली होती, आणि चरित्र लिहितानाही तो सवयीने प्रसंग रचत गेला; तरीही दीड दशकभर गंभीर लेखकांनी त्याचीच तार पुढे ओढली, हे जॅझच्या अभ्यासपरंपरेला शोभणारे नाही.

तबकड्या आणि फिती बेनेडेट्टीच्या भावाने जपून ठेवल्या होत्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्या मोझेक रेकॉर्ड्स या, जुन्या मुद्रणांचे संपूर्ण संच टपालाने विकणाऱ्या कंपनीकडे आल्या, आणि त्यांत तार निघाली नाही. मुद्रणे उतरवून त्यांचा क्रम लावण्याचे काम फिल शाप (1951–2021) याने केले, जो कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरून केवळ पार्करला वाहिलेला कार्यक्रम चालवत असे आणि पार्करच्या दिनचर्येचे तपशील ज्याच्या तोंडी होते. 1990 मध्ये संच प्रसिद्ध झाला तो दहा मोठ्या तबकड्यांचा, किंवा सात कॉम्पॅक्ट डिस्कचा. शापने तुकडे जोडून कृत्रिम सलगता आणण्याचा मोह टाळला आणि काही सेकंदांचा तुकडाही स्वतंत्र नोंदीने दिला. त्यामुळे हा संच करमणुकीसाठी ऐकू जाणाऱ्याची दमछाक होते, एखादे वाक्य रंगात येते न येते तोच सुई उचलली जाते आणि दुसऱ्याच चालीच्या मध्यावर पुन्हा टेकते. परंतु एकाच चालीवर एकाच क्लबात लागोपाठच्या रात्री पार्करने काय बदलले, कोणते वाक्य हुकमी म्हणून पुन्हा आणले आणि कोणते पुन्हा कधी घेतले नाही, हे शेजारी शेजारी ठेवून तपासण्याची सोय त्याच्या स्टुडिओतल्या मुद्रणांत इतक्या प्रमाणात नाही. बेनेडेट्टीलाही त्यांचा उपयोग याच कामासाठी करायचा होता.