अल्फा, बीटा आणि आजीची वाट

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून डॉक्टरेटपर्यंत अल्फा, बीटा, थीटा या मंडळींनी माझा पिच्छा सोडला नाही. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीत 'बीटा व्हर्शन' रोजचेच झाले. पण ही अक्षरे मुळात कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पाडला माझ्या बारा वर्षांच्या मुलीने.

ती इथेच जन्मली. मराठी छान बोलते, पण लिहिते रोमन अक्षरांत. आजीही आता तिला फोनवर तशीच उत्तरे धाडते. परवा लेकीने मोठ्याने वाचले, "आजी माझी वात पाहते!" मी वैतागून देवनागरीवर व्याख्यान सुरू केले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पण इंग्लिशने तरी आपले लेटर्स स्वतः कुठे बनवले?" प्रश्न बिनतोड होता. त्यापायी जे वाचन झाले, ते आपल्यापुढे ठेवतो.

ग्रीकांची एक लिपी आधीच हरवली होती. 'लिनिअर बी' हे आज तिचे नाव. इ.स.पूर्व १२००च्या सुमारास तिथले राजवाडे उद्ध्वस्त झाले आणि राजवाड्यांतल्या कारकुनांबरोबर ती लिपीही गेली. भाषा मात्र लोकांच्या तोंडी टिकली. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे कळले की ती ग्रीकच होती!

पुढे इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनी फिनिशियन व्यापाऱ्यांची २२ अक्षरे उचलली. 'आलेफ' म्हणजे बैल, 'बेथ' म्हणजे घर. त्यांचेच अल्फा-बीटा झाले, आणि त्यावरून 'अल्फाबेट'. इंग्रजी 'ए' उलटा करून पाहा, शिंगे दिसतील. पण फिनिशियन लिपीत फक्त व्यंजने. स्वर वाचणाऱ्याने ओळखायचे. ग्रीकांनी काय केले? आपल्या भाषेत नसलेल्या उच्चारांची अक्षरे स्वरांना देऊन टाकली. आलेफचा 'अ' झाला, 'हे'चा 'ए', 'आयिन'चा 'ओ'. आपल्याकडे ब्राह्मीने हेच काम व्यंजनाला मात्रा जोडून केले. ग्रीकांनी स्वराला व्यंजनाच्या पंक्तीत स्वतंत्र पाट मांडला.

अथेन्सला १८७१ साली सापडलेल्या, सुमारे इ.स.पूर्व ७४०च्या सुरईवर ही अक्षरे आहेत. मजकूर हिशेबाचा नाही, सर्वात चपळ नाचणाऱ्याच्या बक्षिसाचा आहे. पुढे एट्रुस्कन लोकांमार्फत ती रोमला पोचली आणि लॅटिन झाली. रशियन लिहितात ती सिरिलिक लिपीही ग्रीकवरूनच आली. म्हणजे लेकीचे खरे होते.

पण खरा धक्का दिला तो नाशिकने. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षत्रप नहपानाची, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत, मात्र भाषा प्राकृत! म्हणजे आजी आणि नात आज करतात तेच. त्यांची अडचणही तीच. प्राकृतातल्या 'छहरात' या घराण्याच्या नावातला 'छ' ग्रीकांपाशी नव्हता, म्हणून 'क्ष'च्या उच्चाराचे 'क्साय' वापरून वेळ भागवली आहे.

पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरे हळूहळू बिघडत गेली. वाचणारे कोणी उरले नाही आणि शेवटी नाण्याच्या कडेला नुसती नक्षी राहिली. हे वाचले आणि माझी नजर भिंतीवरच्या 'सुस्वागतम्'च्या तोरणाकडे गेली. आमच्या घरात देवनागरी आज कुठवर आली आहे?

रोमन अक्षरांवरचा माझा राग आता गेला. आजी आणि नात त्यांच्यामुळेच रोज बोलतात, आणि तीन हजार वर्षे घरे बदलत आलेली ही अक्षरे काही परकी म्हणवत नाहीत. पण दर रविवारी आम्ही दोघे आजीला देवनागरीत चार ओळी लिहितो. पहिल्या पत्रात लेकीने एक शब्द तीनदा खोडून अखेर बरोबर लिहिला: 'वाट'.