पाठांतर, पारख आणि श्रावणातली दक्षिणा

(१/८) सकाळच्या घाटकोपर–अंधेरी मेट्रोत, सीप्झ परिसरात मुलाखतीला निघालेला एखादा तरुण मोबाइलवर ‘सिस्टिम डिझाइन’ची उजळणी करताना दिसतो. लोड बॅलन्सर कुठे, कॅशे कुठे, डेटाबेसचे तुकडे कसे पाडायचे. प्रश्न ठरावीक, आकृत्याही ठरावीक. एवढे पाठ झाले म्हणजे तो जाणकार ठरतो का? विद्येची पारख करून तिला दाम देण्याचा हा पेच महाराष्ट्राला जुना आहे. त्याचीच ही गोष्ट.

(२/८) सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी श्रावण महिन्यात ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालवली. दूरदूरचे विद्वान येत. गर्दी वाढली तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात वाटप होऊ लागले.

(३/८) येणाऱ्यांत दोन प्रकारचे विद्वान असत. वैदिकांची विद्या मुखोद्गत. तिला कमी लेखू नये. घनपाठात शब्द उलटसुलट क्रमाने पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे एक शब्द चुकला तरी लगेच कळते. चूक पकडण्याची सोय पाठांतराच्या रचनेतच आहे! शास्त्र्यांची कसोटी मात्र वादसभेत लागे. समोरचा कोणता आक्षेप घेईल, हे आधी पाठ करता येत नसे.

(४/८) रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दक्षिणेसाठी त्यांचे बंधू आले, तेव्हा नाना फडणीस त्यांना अधिक रक्कम देऊ लागले. शास्त्रीबुवांनी अडवले: यांच्या ठायी विशेष विद्या नाही, इतरांइतकेच द्या, भाऊ म्हणून काय द्यायचे ते मी घरी देईन. कथेचे मर्म असे की, पारख परीक्षकाच्या जाणतेपणावर आणि निःस्पृहतेवर उभी असते.

(५/८) १८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने दक्षिणा आटोपशीर रूपात चालू ठेवली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्चही याच निधीतून होऊ लागला. तरीही मूळ प्रश्न उरलाच: या विद्येतून समाजाच्या हाती काय पडते?

(६/८) १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज करायचे ठरवले. मागणी अशी की, निधीचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. लोकहितवादी या विचाराचे पुरस्कर्ते होते. सनातनी मंडळी खवळली. तेव्हा सुधारकांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

(७/८) १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले, न्या. रानडे त्यांपैकीच एक. ‘काय येते ते म्हणून दाखवा’ या कसोटीशेजारी ‘काय केले ते दाखवा’ ही दुसरी कसोटी येऊन बसली.

(८/८) मेट्रोतल्या त्या तरुणाला हसण्याचे कारण नाही. त्या आकृत्या म्हणजे आधीच्या अभियंत्यांनी चुकत-माकत सोडवलेल्या अडचणींचा संचय. तो मुखोद्गत असणे ही विद्येची पहिली पायरी होय. परंतु ऐन गर्दीच्या वेळी यंत्रणा कोलमडते, आणि पाठ केलेल्या कोणत्याच आकृतीत उत्तर सापडत नाही. वादसभा तिथे सुरू होते. मुलाखत घेणाऱ्यानेही वादसभेतल्या शास्त्र्यासारखा अनपेक्षित आक्षेप घ्यावा. पाठांतराला दाद मिळावी. जाणकाराचा मान मात्र त्या आक्षेपाला उत्तर देणाऱ्यासाठी राखून ठेवावा.