शाळेतल्या तपासणीचं मूळ गाव

प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी उंची आणि वजनाचे रकाने असतात. ते तिथे कशाला, हे कुणी विचारत नाही. पण त्यांचं कूळ शोधत गेलं, की माणूस ब्रुसेल्स, बॉस्टन, लंडन असा हिंडतो आणि भारतात उतरल्यावर थेट बडोद्यात येऊन थांबतो. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी या देशात प्रथम 1909 साली बडोद्यात झाली. वैद्यकीय पाठ्यपुस्तकं हे एका ओळीत उरकतात. त्या ओळीत राहून जातं ते हे, की बडोद्याच्या गादीवर तेव्हा जो माणूस होता, तो आमच्या नाशिक जिल्ह्यातला, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा!

कवळाण्याचा गोपाळ 1875 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

आता वादाचा मुद्दा. 1909 सालची ही कल्पना आली कुठून?

पहिला दावेदार इंग्लंड. बोअर युद्धाच्या भरतीत गरीब वस्त्यांतली तरुण पोरं इतक्या संख्येने नापास झाली, की सरकार हादरलं. 1904 मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला, 1907 मध्ये कायदा झाला आणि इंग्लंडमधल्या शाळांत डॉक्टर जाऊ लागले. दोनच वर्षांत बडोद्यात तेच सुरू झालं, म्हणजे सरळ उसनवारी, असं कुणीही म्हणेल. दुसरा दावेदार अमेरिका. बॉस्टनच्या शाळांत 1894 पासून डॉक्टर फिरत होते आणि सयाजीराव 1906 मध्ये अमेरिकेत हिंडून आले होते. ग्रंथालयांची घडी बसवायला त्यांनी पुढे बॉर्डन नावाचा अमेरिकन माणूसच आणला, तेव्हा हाही दावा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तरी मला दोन्ही पटत नाहीत. उसनी घेतली असेल ती पद्धत. गरज घरचीच होती. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत आलं नाही तर बापाला दंड. आता सक्ती आली, की आजारपण ही घरगुती बाब राहत नाही, ती कायद्यासमोरची सबब होते. इंग्लंडच्या 1870 च्या कायद्यातही आजार हे गैरहजेरीचं मान्य कारण होतं. सबब खरी की खोटी, हे मास्तर कसं ठरवणार? शिवाय खरूज झालेलं, डोळे आलेलं, खोकणारं पोर तुम्हीच दंडाच्या धाकाने चाळीस मुलांत आणून बसवलंत, तर त्याची जबाबदारी कुणाची? डॉक्टर शाळेत आला तो या पेचातून, असा माझा कयास आहे. ज्याचं स्वतःचं शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत रखडलं, त्या राजाला सक्ती सुचणं आणि सक्तीमागून तपासणी येणं, हा क्रम मला 1907 च्या कायद्यापेक्षा जवळचा वाटतो.

बोअर युद्धाचा धागा मात्र तोडता येत नाही, कारण तोही नाशिकलाच येऊन मिळतो. त्या युद्धात वैद्यकीय पथकात गेलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 मध्ये इथे भोसला मिलिटरी स्कूल काढलं. म्हणून मी या रकान्यांची दोन घराणी मानतो. एक भरतीचं: तपासायचं ते निवडण्यासाठी, नापास तो बाहेर. दुसरं सक्तीचं: पोराला बाहेर काढताच येत नाही, तेव्हा दोष सापडला की उपचारच करावे लागतात.

आज दोन्ही घराणी शेजारी नांदतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा, तर कागदपत्रांत वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला जोडावा लागतो. तो पहिल्या घराण्यातला. आणि 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात आणि कुणाच्या हृदयाला छिद्र निघालं तर शस्त्रक्रियेपर्यंत पाठपुरावा करतात. ती कवळाण्याची.